हळद निवडणारं यंत्र

परवा वसमतच्या बाजारात कुणीतरी नव्या हळदीचं पोतं फोडलं, आणि त्या उग्र, मातकट वासानं मला आमच्या कारखान्यातल्या एका सकाळीत नेऊन उभं केलं.

सांगलीला हळकुंडं धाडणारे आम्ही तेव्हा नुकतेच परदेशात पूड पाठवू लागलो होतो. त्यासाठी निवडीचं यंत्र आलं. त्याला चांगल्या आणि डागी हळकुंडांचे नमुने दाखवावे लागत. मी मुकादम. निवडणाऱ्या बायांकडूनच मी ते वेगळे करून घेतले. यंत्र त्यांच्याच जागी येतंय, हे मालकांनी मला सांगितलं होतं. मी बायांना सांगितलं नाही.

सगळ्यांत जुन्या गयाबाईंनी यंत्राला कुंकू लावलं, नारळ फोडला. बटण दाबलं, आणि त्यांना दिवसभर पुरणारं पोतं माझा चहा निवायच्या आत निवडून झालं. मी कप तसाच खाली ठेवला. बाया मात्र टाळ्या पिटत होत्या.

"आता आमी निस्ता चहा पिऊन ऱ्हायचं व्हय, मुकादम?" गयाबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसलो.

निघताना त्यांनी विचारलं, "उद्या कवा यावं?"

"रोजच्यासारखं," मी म्हणालो. वाटलं, आजची संध्याकाळ तरी त्यांची आनंदात जाऊ द्यावी. खरं तर त्यांच्या तोंडाकडे मलाच बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाया डबे घेऊन आल्या. नव्या वॉचमननं फाटकातच अडवलं. मी यंत्रामागे उभा होतो.

"मुकादम," गयाबाई हाका मारत होत्या, "याला सांगा की, आमी इथल्याच हाव म्हून!"

मी गेलो नाही.