आधी लाकूड सांगा

श्री. दादारावजी नेरकर यांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या हातात एक पोतं होतं आणि पोत्यात वडिलांची चेनसॉ. मी अमरावतीला एका प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकचा वर्ग शिकवते. वडील नांदगाव खंडेश्वरजवळ शेती करतात. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आणि नाल्याकाठच्या बाभळी तोडायला त्यांनी पेट्रोलवर चालणारं ते मशीन घेतलं होतं. वाळक्या बाभळीत घुसलं की ते धापा टाकायचं आणि मधेच बसायचं. विकणाऱ्या दुकानाने दोनदा तपासून निकाल दिला होता की मशीन ठीक आहे, लाकूडच कडक आहे. जन्मभर बाभळी तोडणाऱ्या माणसाला बाभूळ कडक असते हे समजावून सांगणाऱ्या त्या दुकानदाराचं मला आजही कौतुक वाटतं.

मग कुणीतरी सांगितलं की अकोटला कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले एक फिटर आहेत, ते घरामागच्या शेडमध्ये अशी इंजिनं उघडतात आणि त्यांची ताकद वाढवून देतात. मी नाक मुरडलं, पण गेले. दर्यापूरमार्गे एसटीने गेले. कंडक्टरने पोतं हुंगून पेट्रोल नसल्याची खात्री केली तेव्हा कुठे बसू दिलं. काकाजी (तिकडे त्यांना सगळे हेच म्हणतात) शेडमध्ये निंबाच्या ओंडक्यावर बसले होते. मी मशीनचं मॉडेल, ताकद, वजन, सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी पोत्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते राहू दे, बाई. आधी लाकूड सांग. कोणतं कापता?"

"बाभूळ."

"वल्ली का वायकी?"

"वाळकी."

"मंग हे बिचारं काय करन? ज्यानं हे बनोलं त्यानं बाभूय पाह्यलीच नाही."

मी पुस्तक शिकवणारी बाई. मी म्हटलं, कंपनीने विचार करूनच ठरवलं असेल ना?

"इचार केला असन ना. पण तुह्या बापाच्या धुऱ्याचा नाही केला."

मी पोतं उघडून मशीन त्यांच्यासमोर ठेवलं.

काकाजींच्या सत्कार समितीने मला हा लेख लिहायला सांगितला तेव्हा दोन सूचना दिल्या होत्या. भाषा गौरवग्रंथाला शोभेल अशी असावी, आणि शेवटी काकाजींनी या अमृतमहोत्सवी वर्षात शेड बंद करून विश्रांती घ्यावी, अशी आपणा सर्वांच्या वतीने विनंती असावी. पहिली सूचना मी जमेल तितकी पाळते आहे. दुसरीचं काय झालं ते पुढे येईलच, आणि ते समितीला आवडणार नाही.

काकाजींचं काम कसं चालतं ते आधी सांगते, कारण 'घरगुती' हा शब्द नाकातून उच्चारणारे लोक अजून आहेत. ते वहीचा कागद सिलिंडरच्या आतून चिकटून बसेल असा गुंडाळतात आणि त्यावरून काजळी लावलेलं बोट फिरवतात. हवा आत यायची आणि धूर बाहेर जायची भोकं कागदावर उमटतात. त्यांना ते दारं म्हणतात. दार किती मोठं करायचं ते आधी कागदावर आखायचं, एक दिवस तो कागद तसाच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचा आणि मगच बारीक कानशीला हात लावायचा. सायलेन्सरचं तोंड ते मोकळं करतात, पण ठिणगी अडवणारी जाळी काढत नाहीत, कारण वैशाखात आपल्याकडच्या गवताला पेटायला निमित्तच हवं असतं. काम झालं की त्या कागदावर मालकाचं नाव, गाव आणि लाकूड लिहून तो पत्र्याच्या डब्यात जातो. निंब, चिंच, सागवान, बाभूळ. दोन सारखी मशीनं लाकूड वेगळं असेल तर त्यांच्या शेडमधून सारखी बाहेर पडत नाहीत. मोठमोठ्या कारखान्यांत काम एवढ्या काळजीने होत असेल तर मला दाखवावं, मी माझ्या विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जाईन.

ते कुणाला फसवतही नाहीत. मशीन उघडलं की दुकानाची गॅरंटी जाते, हे ते स्वतः आधी सांगतात आणि माणसाला घरी विचार करायला परत पाठवतात. विचार करून न येणारेही असतात. त्यांच्याविषयी काकाजींना राग नसतो.

त्या पहिल्या खेपेनंतर वडिलांनी मशीन बाभळीला लावलं, अर्ध्यात थांबवलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "हे आपलं नाही वाटत. बदलून त नाही आनलं?" त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मी पुन्हा अकोटची एसटी पकडली, ती शिकायला. काकाजी मला मास्तरीणबाई म्हणू लागले. कानस हातात द्यायला मात्र त्यांनी सहा महिने लावले. तोवर मी फक्त कागद गुंडाळले. काकूजींच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि कागद गुंडाळले.

एकदा परतवाड्याकडून झाडं तोडणारा एक जण आला. त्याला ताकद हवी होती. काकाजींनी मशीन हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं.

"ब्रेक कुठी हाये?"

"आडवा येते काकाजी. काढून टाकला."

"मंग मशीनबी घेऊन जाय."

चेन उसळली तर तिला क्षणात थांबवणारा तो ब्रेक. तो माणूस फाटकापर्यंत गेला तसं काकाजींनी त्याला हाक मारली. त्यांचं स्वतःचं मशीन योगायोगाने त्याच मॉडेलचं होतं. त्याचा ब्रेक त्यांनी काढला, त्या माणसाच्या मशीनला बसवला आणि मग काम हातात घेतलं. "ताकद वाढोली त थांबवाची सोयबी पक्की पायजे," एवढंच बोलले. नवा ब्रेक मिळेपर्यंत महिनाभर त्यांनी स्वतःच्या मशीनला हात लावला नाही.

आता माझ्या चुकीविषयी. काकाजींचा एक रिवाज आहे. उन्हाळ्यात नीट केलेलं मशीन दिवाळीनंतर पुन्हा दाखवायला आणायचं. विसरणाऱ्यांना ते स्वतः फोन करतात. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला भेटीगाठी हव्या असतात, त्याचंच हे निमित्त. मे महिन्यात भर उन्हात मी आमच्या संस्थेच्या बागेचं मशीन विद्यार्थ्यांसमोर उघडलं, त्याची ताकद वाढवली, आणि कार्बोरेटरचा स्क्रू असा लावला की आवाज गोड निघावा. पेट्रोल जरा कमी, हवा जरा जास्त. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दिवाळी आली, गेली. मी मशीन अकोटला नेलं नाही. पौषातल्या एका गार सकाळी माळ्याने ते सुरू केलं आणि दहा मिनिटांत इंजिन जाम झालं. आपल्या वऱ्हाडात मे आणि पौष हे जणू दोन वेगळे देश आहेत. गार हवा दाट असते, ती जास्त भरते, आधीच कमी ठेवलेलं पेट्रोल आणखी कमी पडतं आणि पिस्टन भाजतो. हे सगळं मी फळ्यावर लिहून शिकवते. फक्त स्वतःच्या हाताला शिकवलं नव्हतं.

ओरखडे पडलेला पिस्टन घेऊन मी काकाजींसमोर उभी राहिले. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"हे तुह्या टेबलावर ठेव. पोरायले दाखव. कोणं केलं इचारलं त सोताचं नाव सांग."

तो पिस्टन गेली पाच वर्षं माझ्या टेबलावर आहे. दर वर्षी नव्या वर्गाला मी स्वतःचं नाव सांगते.

आता समितीची दुसरी सूचना. दोन वर्षांपासून काकाजींचे कान गेले आहेत. यंत्र लावूनही समोरचा माणूस ओरडला तरच कळतं. त्यांचे चिरंजीव पुण्याला असतात, त्यांना काळजी वाटते. समितीतल्या ज्येष्ठांना काकाजींच्या नावाची काळजी वाटते. ऐकू येत नाही तर इंजिन कसं लावणार? उद्या कुणाचं मशीन जळलं तर पन्नास वर्षांचं नाव जाईल. म्हणून बेत असा ठरला की सत्काराच्या दिवशी काकाजींनी मंचावर शेडची चावी समितीच्या हाती द्यावी, आणि त्यांची हत्यारं काचेच्या कपाटात ठेवली जावीत. हे सगळं प्रेमापोटीच होतं, यात मला शंका नाही. फक्त काकाजींना कुणी विचारलं नव्हतं. मंचावर, हारतुरे घातल्यावर, चार लोकांसमोर ते नाही म्हणणार नाहीत असा हिशेब होता.

मला इथे अभिमानाने लिहायला आवडलं असतं की मी तिथल्या तिथे विरोध केला. नाही केला. मलाही तीच शंका होती. म्हणून मी एक नीच काम केलं. वडिलांचं मशीन घेतलं, कार्बोरेटरचा स्क्रू अगदी थोडा, घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच, हवेच्या बाजूला फिरवला आणि अकोटला गेले. मी माझ्या गुरूंची परीक्षा घ्यायला निघाले होते.

काकाजींनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, मशीनच्या आवाजाने ते शिट्ट्या मारतं म्हणून. म्हणजे आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मशीन सुरू केलं. मूठ घट्ट न धरता डावं मनगट दांड्यावर नुसतं टेकवलं आणि डोळे मिटले. ओंडक्यात चेन उतरवली, बाहेर काढली, पुन्हा उतरवली. मग मशीन बंद केलं. यंत्र कानात घातलं.

"लाकूड कोणतं? बाभूयच ना?"

"हो. तीच."

"मंग हे सुकं काहून चालून राहिलं? तुह्या बापाचा हात स्क्रूले लागत नाही." त्यांनी स्क्रूवर बोट ठेवलं. "हे तूनं केलं. पह्यलेबी तू असंच केलं होतं. तुह्या हाताले पेट्रोल कमी ठेवाची सवय हाये."

मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं, कारण हळू सांगता येत नव्हतं. कपाट, मंच, चावी, माझी शंका, सगळं. काकूजी दारात येऊन उभ्या राहिल्या. इतकी लाज मला त्या जळालेल्या पिस्टनच्या वेळीही वाटली नव्हती.

काकाजी रागावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रागावलेलं पाहिलं, पण तो राग स्क्रूसाठी नव्हता.

"मले पुसाले काय झालं होतं? कान गेले हे खरं हाये. पह्यले मी आयकून काम करत होतो, आता धरून करतो. ज्या दिवशी हातालेबी कयनार नाही, त्या दिवशी म्या सोता कुलूप लावीन अन् चाबी तुह्यापाशी आनून देईन. त्यायच्यापाशी नाही, तुह्यापाशी. समितीले सांग, हार घाला, शाल घाला, जेवू घाला. माह्या शेडले हात लावाचं काम नाही."

मग त्यांनी डब्यातून वडिलांच्या मशीनचा जुना कागद काढला आणि स्क्रू मला लावायला सांगितला. माझं मनगट धरून दांड्यावर टेकवलं. तिसऱ्या खेपेला मला हलकीशी थरथर बदललेली कळली. डोळे मिटून, आवाजाकडे लक्ष न देता. पन्नास वर्षांचं नाव जाईल म्हणून जे शेड बंद करायला निघाले होते, त्यांनी एकदा येऊन त्या दांड्यावर मनगट टेकवून पाहावं.

तेव्हा समितीच्या आदरणीय सदस्यांनो, विनंतीचा तो मजकूर मी लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही. हा लेख छापायचा नसेल तर पान कोरं ठेवा. काचेचं कपाट करून झालंच असेल तर त्यात माझा भाजलेला पिस्टन ठेवा, मी आनंदाने देईन.

आणि काकाजी, या ग्रंथातल्या इतर लेखांत तुम्हाला दीर्घायुष्य आणि आराम या दोन्हींच्या शुभेच्छा मिळतील. मी पहिलीच देते. दर दिवाळीनंतर मी पोतं घेऊन येईन, या वर्षी, पुढच्या वर्षी, आणि मोजणं सोडून द्यावं इतकी वर्षं. तुमचं मनगट असंच शाबूत राहो आणि तुम्ही मला दर वेळी तोच प्रश्न विचारत राहा. चावी मला द्यायचं तुम्ही कबूल केलं आहे, मी ते विसरणार नाही. पण मला अजिबात घाई नाही.