कुंडीखालची शाळा

तिसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवालीला अख्खा जिना ‘मंत्रीणबाई’ म्हणायचा. शिक्षणमंत्र्यांतली मंत्रीणबाई. कारण काय, तर तिने स्वतःची दोन्ही मुलं शाळेत न पाठवता घरीच शिकवायला घेतली होती. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं, बाई चिडेल. बाई कसली चिडते! उलट पाणी भरायला आली की म्हणायची, “मंत्र्यांना आधी भरू द्या गं, मागे कामं खोळंबलीत.”

मुलंही तशीच नावाजलेली. थोरली आठ वर्षांची, तिचं नाव पडलं ‘चौकशी’. धाकट्याचं ‘बटण’, कारण रांगायला लागल्यापासून त्याचा मुक्काम आईच्या बटणांच्या डब्याजवळ. एकदा गिळलंही होतं एक. पण ती गोष्ट वेगळी, आणि तिचा शेवटही सगळ्यांसमोर सांगण्यासारखा नाही.

चौकशी आधी शाळेत जात होती बरं का. अगदी नवंकोरं दप्तर घेऊन. जाण्याआधी ही पोरगी जिना चढताना प्रत्येक दारात एक प्रश्न टाकून जायची. मांजराला घाम येतो का, काकू रोज कुणाशी भांडतात, असले. शाळा सुरू झाली आणि महिन्याभरात पोरगी गप्प झाली. एके संध्याकाळी आईने मुद्दाम विचारलं, “आज काय विचारलंस बाईंना?” चौकशी म्हणाली, “अम्मी, प्रश्न नंतर विचारायचे असतात.” “नंतर म्हणजे कधी?” “ते नाही सांगितलं.”

बस. मंत्रीणबाईंच्या हातातली कात्री तिथेच थांबली. वर शाळेनंतर कुराण शिकायला एकीकडे, शिकवणीला दुसरीकडे. पोर घरी यायची ती नुसती झोपायला. बाईने रात्री नवऱ्यासमोर विषय काढला. नवरा खाली कोपऱ्यावर चाव्या बनवायचा. बोलायला कंजूष, पण बोलला तर ठोक. म्हणाला, “मी कुलपं उघडतो, तू डोकी उघड. चावी बसली नाही, तर कानस माझ्याकडे आहेच.”

ठिणगी पडली ती नवऱ्याच्या मोठ्या बहिणीच्या घरात. मुलांची फूफी शाळामास्तरीण. वर्गात ती शिरली की भिंतीवरची पालसुद्धा ताठ बसते, अशी तिची ख्याती. ती तरातरा जिना चढून आली.

“भाभी, उद्या दातही घरीच काढशील का कात्रीने?”

“आपा, दुधाचा असेल तर दोरा पुरतो.”

“हसण्यावारी नेऊ नकोस. तपासनीस येणार आहे शिक्षण कचेरीतून. तिने नाही म्हटलं, की दोघंही माझ्या शाळेत. चौकशी तर माझ्याच वर्गात. पहिल्या दिवशी गप्प बसायला शिकवते.”

हे मात्र बाईच्या काळजात सुईसारखं रुतलं. पोरगी पुन्हा तशी गप्प झाली तर?

आता तिच्या घरची शाळा कशी होती, ते ऐका. भिंतीला बिजागऱ्यांवर टांगलेली एक लांब फळी होती. ती खाली पाडली की कापड बेतायचं टेबल. तेच वर्ग. फजरची, म्हणजे पहाटेची नमाज झाली की त्या फळीवर आधी कुराणाचा सबक, मग फोडणीच्या वासात वाचन. वाचायला वर्तमानपत्रं, म्हणजे ज्यांच्यावर बाई माप आखायची ती. जोहरच्या, दुपारच्या नमाजनंतर हिशेब, तो बटणांवर. तास नव्हते, घंटा नव्हती. पाच नमाजांच्या पाच खुंट्या, आणि त्यांवर दिवस टांगलेला. नियम एकच. बरोबर उत्तर दिलं की आपल्याला एक प्रश्न विचारायचा हक्क. समोर कुणीही असो.

आणि गॅलरीच्या कठड्यावर एक रिकामं लाकडी रीळ उभं चिकटवलेलं होतं. भर दुपारी त्याची सावली सगळ्यांत आखूड. त्या सावलीत रिळाएवढी आणखी भर पडली की असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची वेळ झाली. मुलं रेघ मारायची. खडूची पुसली जाते म्हणून बापाने कानशीने कोरून दिली. पण पुढच्या महिन्यात सावली रेघेवर येईना! चौकशीने घर डोक्यावर घेतलं. “अम्मी, रीळ वाढलं का?” मग दुसरी रेघ, तिसरी रेघ. दुपारची सावलीसुद्धा ऋतूबरोबर लांबते आणि आखडते, हे तिचं तिला सापडलं. कठड्यावर रेघांचं जाळं झालं. जिन्यातल्या बायका म्हणायच्या, “घरमालक बघेल तर भाडं वाढवेल, नक्षीकामाचं.”

असं सगळं छान चाललेलं. पण तपासनीस येणार म्हटल्यावर मंत्रीणबाईंनी माती खाल्ली. तिला वाटलं, शाळा दिसली पाहिजे. उरलेल्या पडद्याच्या कापडातून तिने दोन गणवेश शिवले. पडद्यावर मोठाली फुलं होती. बटणच्या पाठीवर एक आख्खं सूर्यफूल आलं. वाण्याच्या गल्ल्यावरची टिंगटिंग घंटी मागून आणली. फळी उचलून भिंतीला लावली, बटणांचा डबा पलंगाखाली सरकवला. रेघांनी विद्रूप झालेला कठडा दिसू नये म्हणून रिळापुढे मनीप्लांटची कुंडी ठेवली. मुलांना दोन स्टुलांवर बसवून बजावलं, “हाताची घडी. विचारलं तरच बोलायचं.”

नवरा दारातून हे बघत होता. म्हणाला, “हे कुलूप कुणाचं?” बाईने ऐकलं न ऐकलंसं करून बटणच्या पाठीवरचं सूर्यफूल सरळ केलं.

तपासनीस बाई आल्या त्या गुडघे धरूनच. धापा टाकत खुर्चीत बसल्या. मागोमाग फूफीही हजर, साडीची घडी न मोडता. मंत्रीणबाईंनी घंटी वाजवली. टिंग! बटण दचकून स्टुलावरून पडला.

“सात आणि आठ किती रे बाळ?” तपासनीस बाईंनी विचारलं.

बटणची नजर पलंगाखाली. ओठ मिटलेले. जिन्यात कान लावून बसलेल्यांचेही मिटले.

“तुझं नाव काय, मुली?”

चौकशी खांबासारखी उभी राहिली. हात घडीत. विचारलं होतं, पण बोललं तर चालेल का, हे तिला कळेना. तिने आईकडे पाहिलं. तीच नजर, शाळेतून यायची तेव्हाची. तपासनीस बाईंनी हळूच सुस्कारा सोडला. फूफीने पदर सावरला.

चौकशी मात्र मान तिरकी करून गॅलरीकडे बघत होती. एकदा, दोनदा. शेवटी राहवेना. “अम्मी, कुंडी हलवू का? असर झाली की नाही कळत नाहीये.”

“कुंडीचा आणि असरचा काय संबंध?” तपासनीस बाई म्हणाल्या.

सांगायचं की झाकायचं? आपणच पोरीच्या तोंडाला शिवण घातली, फूफीच्याही आधी, हे बाईला तेवढ्यात लख्ख दिसलं. ती उठली, भिंतीची कडी काढली आणि फळी धाडकन खाली पाडली. वाण्याची घंटी उडून कोपऱ्यात गेली.

“बाई, माफ करा. ही शाळा खोटी होती. आमची शाळा कुंडीखाली आणि पलंगाखाली आहे. बटण, डबा काढ.”

मग काय विचारता! सूर्यफूल पलंगाखाली शिरलं आणि डब्यासकट बाहेर आलं. फळीवर बटणांचा पाऊस. आठची एक ओळ, तिच्याखाली आठची दुसरी, दुसऱ्या ओळीतलं एक उचलून खिशात. “पंधरा!” आणि श्वास न घेता, “आता माझा प्रश्न. तुम्ही सगळ्यांना तपासता. तुम्हाला कोण तपासतं?”

फूफी कडाडली, “काय रे हे बोलणं!”

तपासनीस बाई अशा हसल्या की गुडघ्यांचं दुखणं विसरल्या. “माझी सासू, बाळा. रोज.”

तिकडे चौकशीने बाहीच्या आकारात कापलेलं वर्तमानपत्र उचललं आणि धडाधड वाचायला घेतलं. रस्त्यावर सुटलेल्या म्हशीची बातमी होती. कागद काखेपाशी वळला तिथे बातमी तुटली. पोरगी थांबते कुठे! म्हैस पुढे कचेरीत शिरली, साहेबांच्या खुर्चीत बसली आणि तिने सगळ्यांना सुटी दिली, असं तिने मनानेच जोडून दिलं.

“हे छापलंय?”

“नाही. छापलेलं अम्मीने कापलं. आता माझा प्रश्न...”

प्रश्न होता सावलीचा, आणि त्यासाठी तपासनीस बाईंना गॅलरीत जावं लागलं. कुंडी हलली. कोरलेल्या रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं. चौकशी एकेक समजावत होती. ही थंडीची, ही उन्हाळ्याची, ही चुकलेली, तेव्हा मला शिंक आली होती. तेवढ्यात सावली आजच्या जागी पोचली. पोरीने गंभीरपणे जाहीर केलं, “असर झाली,” आणि जाजम अंथरायला पळाली. आई आणि मुलं नमाजला उभी राहिली. तपासनीस बाई कठड्याशी सावली सरकताना बघत थांबल्या.

निघताना त्या दारात म्हणाल्या, “मुलं घरीच शिकतील. मी तसंच कळवते. फक्त ती घंटी वाण्याला परत करा.”

जिन्यात जो जल्लोष झाला तो काय वर्णावा! कान लावून बसलेल्यांना आता लपायचं कारणच उरलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी ताट. नवऱ्याने दुकान अर्ध्या दिवसातच बंद केलं, हे तर लग्नातही केलं नव्हतं. मंत्रीणबाई तेवढी दारात उभी राहून रडत होती आणि रडता रडता खाली ओरडत होती, “पाणी मंत्री आधी भरणार! आजपासून नियम!”

आणि फूफी? ती आठवडाभर फिरकली नाही. मग सुटीच्या दिवशी आली, फळीपाशी बसली. “बघू तरी काय शिकवतेस.” बटणने तिला पाढा विचारला. तिने तो खणखणीत म्हटला.

“फूफी, बरोबर. आता तुझा प्रश्न.”

इतकी वर्षं वर्गात प्रश्न विचारणारी ती बाई, पण हक्काचा प्रश्न म्हटल्यावर तिला सुचेना. शेवटी चौकशीकडे वळून, आवाज उतरवून म्हणाली, “मांजराला खरंच घाम येतो का गं?”

चौकशीने हाताची घडी घातली, अगदी फूफीसारखी. “हा प्रश्न नंतर,” ती म्हणाली, आणि फूफीचा चेहरा बघून स्वतःच आधी खुदकन हसली.