जेवणाची ओळ

साहेबांनी माझ्या वडिलांच्या नावाचं निमंत्रणपत्र माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, “बघ, बरोबर आलंय ना? तुमच्याच वाडीतलं घेतलं मुद्दाम.”

कागद प्रिंटरमधून नुकताच फाडलेला. वर वडिलांचं नाव. नुसतं नाव. आधी ‘श्री.’ नाही. खाली समारंभाची वेळ, जागा आणि ‘हजर राहावे’ अशा अर्थाचं एक कोरडं इंग्रजी वाक्य. झालं, संपलं पत्र.

त्याआधी निघालेलं पत्र टेबलावर पडलं होतं. कुण्या बागायतदाराचं, तेही इंग्रजीतच. त्यात ‘श्री.’ होतं, ‘सहकुटुंब’ होतं आणि एक ओळ जास्त होती. समारंभानंतर सर्व सभासदांनी जेवायला थांबावं, ही विनंती. सर्व सभासदांनी.

रत्नागिरीतल्या त्या सहकारी संस्थेत मी हंगामी होते. नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, जिल्हाभर निमंत्रणं जायची होती. माझे वडील चिरेखाणीत राबून सभासद झालेले. संस्थेचा कॉम्प्युटर म्हणजे मुंबईत बसलेलं एक जुनं धूड. त्याला मराठी येत नव्हतं. आमच्याकडे त्याचा काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि कानठळ्या बसवणारा प्रिंटर. पत्र लिहायचं म्हणजे मजकुरात खुणा पेरायच्या. एक खूण दिली की नवा परिच्छेद, दुसरी दिली की ओळ मध्यभागी. नावाच्या जागी खूण घातली की मशीन तिथे एकेका सभासदाचं नाव भरत जाई. आणि अटही घालता येई. अमुक असेल तर ही ओळ छाप, नसेल तर सोड.

साहेबांनी अट घातली होती वाडीची. जातीचा रकाना मशीनमध्ये नव्हता. हवा कशाला? कोकणात पत्ता सांगितला की जात आपोआप कळते. बौद्धवाडी, चर्मकारवाडी, दोन-तीन नावं लिहिली की काम झालं. एरवी टेबलावरची फाइल उचलायलाही शिपायाला हाक मारणारा हा माणूस. ही अट मात्र स्वतः बसून टाइप केली. केवढी हौस.

आणि मशीनची सफाई बघा. ओळ वगळली की खालची ओळ वर सरकते. मधे जागा राहत नाही. इथून काही काढलंय हे वाचणाऱ्याला कळतही नाही.

असं का, म्हणून मी साहेबांना विचारलं. बाजूच्या टेबलावरच्या बाईंना ते ‘अहो’ म्हणत, मला ‘ए’. त्या दिवशी मात्र आवाज एकदम मऊ झाला. पंगतीत उगाच अवघडल्यासारखं होतं, म्हणाले. “म्हणजे तुमच्याच लोकांना गं.” बाजूच्या बाई मान खाली घालून हसल्या. वर साहेबांनी हेही सांगितलं की मला कायम करण्याचा कागद त्यांच्या सहीला आलाय, तेव्हा आता सगळी पत्रं छपाईला सोड.

वडिलांचे गुडघे गेले होते. घर माझ्या पगारावर होतं. साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आली ती किळस. पदवी, चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि डोक्यात काय, तर माझा बाप शेजारी जेवायला बसेल ही भीती. असल्या माणसासाठी मी रोज सकाळी खुर्चीतून उठून उभी राहत होते.

मी म्हटलं, “ही पत्रं मी सोडणार नाही.”

मग उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले. पत्रं बाजूच्या बाईंनी सोडली. एक बटण तर दाबायचं होतं.

आठवडाभरात पत्रं वाडीत आली. इंग्रजी पत्र आलं की वाडी माझ्याकडेच येई. त्या संध्याकाळी सगळे अंगणात जमले. मी पत्र मराठीत वाचून दाखवलं. मग जे छापलं नव्हतं तेही सांगितलं. अट कुणी घातली, काय म्हणून घातली, एक शब्द गाळला नाही.

पत्र हातोहात फिरून वडिलांकडे आलं. मग वडील म्हणाले, “बोलावलानी तरी ना. बास झाला तेवढा.”

मला त्यांचा संताप आला. साहेबांचा आला नव्हता तेवढा. जन्मभर जांभा दगड फोडणारा माणूस, आणि एवढ्याशा कागदापुढे वाकलेला.

“नाय बाबा,” मी म्हटलं. “बास नाय झाला.”

उद्घाटनाला आपण सगळ्यांनी जायचं, हे मी तिथेच अंगणात सांगितलं. बायकापोरांसकट. भाषणं संपली की उठायचं नाही. पहिल्या पंगतीला, साहेबांच्या समोरच्या पानावर बसायचं. कुणाला तिथलं जेवण चाखायचं नव्हतं. आम्ही सभासद होतो. आम्हाला उठवायचं असेल तर साहेबांना आता भर मांडवात, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या तोंडाने ‘ऊठ’ म्हणावं लागेल. ते काम त्यांच्यासाठी कुठलंही मशीन करणार नाही.