एकाच वाडग्यात

नोटेला हात लावायला कुणी पुढं आला की बीकाजान आधी त्याची बोटं बघायची, मग तोंड. "पुलाव खाऊन आलास ना? चरबी लागलीय हाताला. हो लांब!" असं गिऱ्हाइकालाच म्हणायची बाई! खीव्याच्या किल्ल्यातल्या बाजारात, आमच्या ओळीत जुन्या नोटा विकणारे दोघंच, ही आणि हिचा दीर मतरसूल. टेबलाला टेबल लागलेलं, आणि घरीही एकच अंगण, एकच तंदूर. नवरा गेल्यापासून दोघांचं बोलणं म्हणजे नुसती खेकसाखेकसी.

नवऱ्यानं मागं ठेवलेली मोलाची चीज एकच, जुन्या काळची रेशमावर छापलेली मोठी नोट. बीकाजाननं ती तळहाताच्या फोडासारखी जपली. आमच्याकडे भिंतींना खार चढतो, म्हणून डबा आढ्याला टांगलेला. घडी नाही, इस्त्री नाही, प्लास्टिक तर मुळीच नाही, त्यात रेशीम घामेजतं. तुतीच्या दांडीवर, धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळलेली, आणि कसर लागू नये म्हणून शेजारी वाळका दवणा. ताश्कंदचा व्यापारी रिख्सीबाय वसंतात ती घेणार होता. त्या पैशांत दुसऱ्या मोहल्ल्यात दोन खोल्या येत होत्या. स्वतःचं दार, स्वतःचा तंदूर. सकाळी उठल्या उठल्या मतरसूलचं थोबाड दिसू नये, एवढंच तिला हवं होतं.

हे कळल्यावर मतरसूलचा नुसता जळफळाट झाला. वहिनीची नोट बनावट आहे, असं त्यानं ओळभर उठवलं. रिख्सीबाय आला त्या दिवशी तर भर बाजारात बोंबलला, "पाण्यात घाला म्हणावं! खऱ्याचा रंग जात नाही. घालते का बघा!"

ओळीचा रिवाजच आहे तो. संशय आला की वडीलधाऱ्यांसमोर नोट पाण्यात बुडवायची, आणि रंग सुटला तर टेबल उचलून ओळ कायमची सोडायची. पण रेशमाची खळ एकदा धुतली गेली की चकाकी जाते, आणि मग शौकीन लोक त्या नोटेकडे ढुंकूनही बघत नाहीत. मतरसूलला हे पक्कं ठाऊक होतं. मेल्यानं बरोबर कोंडीत पकडलं होतं तिला.

ओळीतले सगळ्यांत वडील ओतानियाझ बोबो म्हणाले, "पोरी, सोड. घेणाऱ्याची खात्री आहे ना? मग झालं."

"आपा, मी नजरेनं ओळखतो," रिख्सीबाय म्हणाला. "द्या इकडं आणि पैसे घ्या."

घ्यायचे होते की मुकाट्यानं! पण तेवढ्यात मतरसूल खिदळला, "माझा भाऊ तरी काय वेगळा होता? जन्मभर खोट्या नोटा विकून मेला!"

झालं. बीकाजानच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणा रे वाडगा!" ती ओरडली. "पण एकच आणा. माझी घालते, आणि ह्याच्या रेशमी नोटा पण घाला, टेबलावरच्या सगळ्या! मेलेल्या माणसाला नावं ठेवतोस, लाज नाही वाटत?"

मतरसूलचा चेहरा पडला. "माझ्या कशाला?"

"का रे, आता का तंतरली?"

लोक हसायला लागले. बोबोंनी मान हलवली. "घाल बाबा. रिवाजाची गोष्ट तूच काढलीस."

"आपा, निदान वेगळ्या पाण्यात तरी..." रिख्सीबाय कळवळून म्हणाला. तिच्या कानात काही शिरतच नव्हतं. जिला कधी उघडं बोट लावलं नव्हतं, ती नोट तिनं मुठीत धरली आणि मतरसूलच्या नोटांबरोबर बुचकळली.

बघता बघता पाणी निळंशार झालं. मतरसूलच्या नोटांवरची फुलं पुसली, अक्षरं गेली. बीकाजानच्या नोटेवरचं एक अक्षर हललं नाही. ओळीनं एकच गलका केला. बोबोंनी मतरसूलला तिथल्या तिथं टेबल उचलायला लावलं, आणि बीकाजान कमरेवर हात ठेवून बघत राहिली. किती बरं वाटलं म्हणून सांगू तिला!

मग तिनं नोट पाण्यातून वर काढली. मतरसूलचा सगळा निळा रंग तिच्या रेशमानं पिऊन घेतला होता. तिनं स्वच्छ पाण्यात खळबळली, परत खळबळली. निळं ते निळंच. रिख्सीबायनं पाकीट खिशात घातलं. "सांगत होतो मी, आपा," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी ती अंगणात शिरली तेव्हा मतरसूल चहा भुरकत बसला होता.

"आलीस वहिनी? मला वाटलं, नव्या घरी गेलीस."

ह्याच्यासमोर रडायचं? मरेन, पण नाही, असं ती मनाशी म्हणाली. इतकी वर्षं जिला उन्हाची तिरीप लागू दिली नाही, ती नोट तिनं मोजे वाळत घालावेत तशी दोरीवर चिमटा लावून टांगली, बरोबर त्याच्या दारासमोर.

"ही इथंच राहील. रोज उठून तू तुझा रंग बघ," ती म्हणाली, "आणि मी माझी अक्कल बघते."

मग त्याच तंदूरवर ती रोट्या थापायला बसली.