माफीचा पर्याय नसलेलं भूत

कुठल्याही ऑफिसात दोन वर्षं काढली की किस्से गोळा होतातच. आमच्या टेबलाखालच्या खोक्यात बिघडलेले हेडफोन साठतात, तसे. कामाचे नाहीत आणि टाकवतही नाहीत. नवीन माणूस आला की खोकं उघडायचं आणि एकेक बाहेर काढायचा. माझ्या खोक्यातले बहुतेक किस्से मी चहाबरोबर शंभरदा सांगितलेत. एक मात्र तळाशी दाबून ठेवलाय. आज तोही काढते, पण त्यासाठी आधी वरचे ऐकून घ्यावे लागतील.

ऑफिस मैसूरच्या जयलक्ष्मीपुरमला, एका बेकरीच्या वर. तिथे आम्ही आठ जण एका परदेशी कंपनीचा व्हिडिओ गेम तपासतो आणि त्यातल्या राहिलेल्या जागा भरतो. गेममधली अमेरिका खरी नाही. घोडे आहेत, आगगाड्या आहेत, टोप्या आहेत, पण तिथलं यादवी युद्ध कधी संपलेलंच नाही. कारण मेलेले शिपाई सकाळी उठून पुन्हा ड्यूटीवर हजर! खेळाडू म्हणजे गावोगाव फिरणारा थडगेवाचक. त्यानं थडग्यावरचं नाव वाचलं की मेलेला उठून बोलायला लागतो. मग स्क्रीनवर चार पर्याय येतात: प्रश्न विचार, टोमणा मार, पाठ फिरव, माफी माग. भूत शांत झाल्याशिवाय त्या गावाची वेस ओलांडता येत नाही.

बस, एवढंच. माझ्या घरच्यांना दोन वर्षांत एवढंही समजलेलं नाही.

* * *

घरचे म्हणजे आई आणि अप्पा. आमचं घराणं मैसूरचंच, किती पिढ्या ते कुणाला माहीत नाही. आजोबा साड्या रंगवायचे. अप्पांचं मंडी मोहल्ल्यात स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, बॅनर. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. ‘का सोडलंस!’ असं सगळे ओरडले. ‘का सोडलंस?’ असं एकानंही विचारलं नाही.

अप्पांची मराठी आमच्याकडच्या सगळ्यांसारखीच, निम्मी कन्नड. त्यात त्यांचा एक लाडका शब्द आहे, ‘मत्ते?’ म्हणजे ‘मग पुढे?’ तुम्ही काहीही सांगा. पास झाले. ‘मत्ते?’ ताप आलाय. ‘मत्ते?’ मी आयुष्यात पहिल्यांदा कमावायला लागलेय अप्पा. ‘मत्ते?’ त्या एका शब्दापुढे तुमची कुठलीही गोष्ट अर्धवट वाटायला लागते.

नोकरी लागल्यावर एका लग्नात पंगतीत दूरच्या काकांनी मला विचारलं, “काय करतेस ग सध्या?”

मला वैताग आला होता. म्हटलं, “मेलेल्यांशी बोलते.”

काकांचा घास हातातच राहिला. पलीकडून अप्पा शांतपणे म्हणाले, “मत्ते? ते ऐकतात तुझं?”

“हो, ऐकतात.”

“बरं झालं. जिवंत कुणी ऐकत नव्हतं.”

आख्खी पंगत हसली. मी जिलेबी न खाता उठले. लोक सांगतात, तुझे अप्पा किती गमतीदार! दुसऱ्याचे अप्पा नेहमीच गमतीदार असतात.

* * *

आता नावांचा किस्सा. थडग्यांवरची खरी नावं तिकडचा लेखक पाठवतो, पण तो महिनोन् महिने पाठवत नाही. तोवर तपासायला काहीतरी नाव लागतं, म्हणून आम्ही मनाला येईल ते टाकतो आणि गेम बाहेर जायच्या आधी बदलतो. साहजिकच प्रत्येक जण ज्याच्यावर दात आहे त्यालाच पुरतो. कॅन्ससच्या दफनभूमीत निम्मं मैसूर झोपलेलं होतं! कुणाचा घरमालक, कुणाची वसतिगृहाची वॉर्डन. चेतन हा आमचा चित्रकार, थडगी सगळी त्याचीच. त्यानं आपल्या गणिताच्या मास्तरांना दुष्काळी विहिरीत टाकलं होतं आणि त्यांना पाढे म्हणायला लावलं होतं.

आमचे टीम लीड रोहित सर पुण्याहून आलेले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “अगं, तुझी मराठी काय गोड आहे! कुठली?” तेव्हापासून माझ्या यादीत होतेच. तर त्यांनी सगळ्यांना बोलावून झापलं. “जिवंत माणसांची नावं? हे अतिशय अनप्रोफेशनल आहे. लाज वाटली पाहिजे.”

दोन दिवसांनी चेतनला टेक्सासमध्ये फासावर लटकलेला एक घोडेचोर सापडला. त्याच्या पाटीवर रोहित सरांच्या सासऱ्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट.

“योगायोग आहे,” रोहित सर म्हणाले.

मी म्हटलं, “टेक्सासात, सर? चिंचवडचे?”

* * *

इथवर मी हसत हसत सांगते. पुढचं सांगताना कान गरम होतात.

कॅरोलायनात एक गाव होतं. तिथे निळीचे हौद, आणि हौदाकाठी एका रंगाऱ्याचं थडगं. भूत चेतननं फार सुंदर काढलं होतं. वाकलेला म्हातारा, कोपरापर्यंत निळे हात. त्याचं नाव आणि बोलणं भरायचं काम माझ्याकडे आलं. का, तर मी रंगाऱ्यांच्या घरातली!

त्या दिवशी सकाळी मी दुकानात डबा द्यायला गेले होते. एक गिऱ्हाईक पत्रिकेचा नमुना घेऊन बसलं होतं. त्यानं सहज विचारलं, “ही मुलगी का? ही पण शिकली का हे काम?”

अप्पा फ्रेम पुसत म्हणाले, “हिच्या हातात देऊ नका. अर्ध्यात सोडते.”

गिऱ्हाईक हसलं. अप्पाही हसले. मी डबा ठेवला, ऑफिसला आले आणि थडग्यावर अप्पांचं नाव घातलं. नागोजीराव. पूर्ण नाव, शुद्ध इंग्रजीत. त्याखाली इंग्रजीतच कोरलं: ‘याने आयुष्यात कुणाला शाबास म्हटलं नाही.’ मग माइक ओढला आणि अप्पांचा आवाज काढून बोलले. मला तो लहानपणापासून जमतो. तो जरा नाकातला सूर, शेवटी भुवई उडवल्यासारखा हेल. खेळाडू काहीही विचारो, भूत म्हणतं, “मत्ते?”

आठवड्याभरात ते भूत ऑफिसचं दैवत झालं! डबा उघडला की कुणीतरी म्हणायचं, ‘मत्ते?’ मीटिंग लांबली, ‘मत्ते?’ रोहित सरसुद्धा म्हणायला लागले. आणि मी, मी दर वेळी सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. कुणी म्हणालं, “परत एकदा काढ ना आवाज,” की लगेच काढायचे. चहापेक्षा जास्त वेळा काढलाय मी तो.

* * *

एका दुपारी चेतन माझ्याकडे आला. “मेघा, तुझ्या भुतात चूक आहे. तीनच पर्याय येतात. चौथा नाहीच. माफी माग येतच नाही.”

“मी घातलाच नाही.”

“अय्यो, मग ते शांत कसं होणार?”

“नाही होत.”

चेतननं रीतसर तक्रार नोंदवली. मी तिच्याखाली शेरा मारला: ‘चूक नाही. हे असंच आहे.’ रोहित सर खुर्ची सरकवत आले. “अगं, पण खेळाडू त्या गावात अडकतो. बाहेरच पडता येत नाही त्याला.”

“अडकू दे. मी बावीस वर्षं अडकलेय.”

रोहित सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बरं, राहू दे सध्या. खरं नाव आलं की बघू.”

नाव बदलायला पाच मिनिटं लागली असती. चौथा पर्याय घालायला दहा. माझ्याकडे सहा महिने होते.

* * *

दसऱ्यात आमच्या ऑफिसची आयुधपूजा असते. मैसूरला त्या दिवशी बसपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला हार. आमची आयुधं म्हणजे कॉम्प्युटर. मालकांच्या आई येतात, त्या सत्तरीच्या आहेत आणि आवाज पोलिसाचा. त्या प्रत्येक कीबोर्डवर हळद-कुंकू लावतात, माऊसवर झेंडूचं फूल ठेवतात. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी विजयादशमीला उघडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. मागच्या वर्षी चेतननं मेल बघायला बटण दाबलं तर बाई तिकडून ओरडल्या, “मुट्टबेडा!” म्हणजे हात लावू नकोस! तो बिचारा खुर्चीवरून पडला होता.

पूजेला घरच्यांना बोलवायचं असतं. मी आईला म्हटलं, “तू ये. अप्पांना दुकानची पूजा असते ना, त्यांना कशाला त्रास.” आई म्हणाली, बरं. मी निर्धास्त.

रोहित सरांनी पाहुण्यांसाठी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर डेमो सुरू करून ठेवला होता. आपोआप खेळणारा. थडगेवाचक आपल्या मनानं एका गावातून दुसऱ्या गावात जातो. मग बाईंनी टीव्हीलाही हार घातला, मशीनला कुंकू लावलं, आरती झाली.

आणि जिन्यात अप्पांच्या चपला वाजल्या. त्या मला कुठेही ओळखू येतात.

“दुकानची पूजा लवकर आटपली,” आई आनंदानं म्हणाली. “म्हटलं, चला की तुम्ही पण! मुलगी काय करते बघाल तरी.”

अप्पांनी लग्नातला पांढरा शर्ट घातला होता. इस्त्री केलेला. हातात पेढ्यांचा पुडा. चेतन पुढे झाला. “या अंकल! हा आमचा गेम. यात मेलेले उठून बोलतात.”

अप्पांनी मान हलवली. “मत्ते?”

आख्खं ऑफिस फुटलं. लोक टेबलं धरून हसत होते. अप्पा आधी दचकले, मग त्यांनाही बरं वाटलं. आजवर परक्या माणसांत त्यांच्या बोलण्यावर इतकं कुणी हसलं नसेल. चेतननं माझ्याकडे पाहिलं. तो घाबरला होता. विषय बदलावा म्हणून घाईघाईनं म्हणाला, “मग हे अमेरिकेला जातं, अंकल.”

“अमेरिकेला! मत्ते?”

परत हशा. अप्पांची छाती फुगली. कॉलर नीट केली. रोहित सरांना सांगायला लागले, आमचे वडील निळीत हात घालायचे, ते हात मरेपर्यंत निळेच होते, सुम्ने, उगीच सांगत नाही हो, खरंच निळे! लोक हसून हसून डोळे पुसत होते. आई माझ्या कानात म्हणाली, “बघ, किती मान देतात ग तुझे लोक.”

मी टीव्हीकडे बघत होते. थडगेवाचक घोड्यावरून कॅरोलायनाच्या रस्त्याला लागला होता. गावं दहा. त्याला दुसरीकडे वळता आलं असतं. मी मनात चामुंडीदेवीला म्हणाले, वळव. मी कधी काही मागत नाही, आज एवढं वळव. मग सरळ मशीनकडे हात नेला.

“मुट्टबेडा!”

मालकांच्या आईंनी माझं मनगट धरलं होतं.

निळीचे हौद आले. थडगं आलं. भूत उठलं, कोपरापर्यंत निळे हात, आणि मी काढलेल्या आवाजात म्हणालं, “मत्ते?”

या वेळी कुणी हसलं नाही.

“अय्यो ग, हा तर तुझा आवाज!” आई म्हणाली. ती खूश होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही.

अप्पांना येतं. पत्रिका छापणाऱ्याला नावं वाचावीच लागतात. ते टीव्हीच्या जवळ गेले. खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला. वरची ओळ वाचली. मग खालची. त्यांचे ओठ हलत होते. शेजारी तीन पर्याय चमकत होते: प्रश्न विचार, टोमणा मार, पाठ फिरव. थडगेवाचकाला चौथा सापडेना, त्यामुळे तो तिथून हलेना. भूत थोड्या थोड्या वेळानं विचारत राहिलं, मत्ते? मत्ते? हात कुणीच लावू शकत नव्हतं. प्रसाद वाटून झाला, कोहळा फोडून झाला, बाया-माणसं निघाली, तरी ते नाव भिंतीवर झेंडूच्या हारात तसंच.

अप्पांनी पेढे मात्र सगळ्यांना स्वतः वाटले. रोहित सरांनी वाकून नमस्कार केला. मला वाटतं, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

मी जिन्यापर्यंत पोचवायला गेले. आई पुढे उतरली. अप्पा एका हातानं कठडा धरून चप्पल चढवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या दगडावरची अक्षरं फार दाटीनं बसवलीस. मधे जागा सोडायची असते. लांबून नाव वाचता येत नाही.”



“उद्या नीट करते, अप्पा.”

“कर,” अप्पा म्हणाले. दुसरी चप्पल घातली, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. “पण अर्ध्यात सोडू नको.”