काशीरामचे गादे

देवबागच्या काशीरामने जन्मभर गाद्यांना शिव्याच घातल्या. गाद्यांना डॉल्फिन हे नाव पर्यटकांबरोबर आलं. त्याच्या लेखी ते जाळी फाडून मासे पळवणारे चोर. होडी किनाऱ्याला टेकली की तो बायकोला हाक मारायचा, "हिरा, गादे इले गो." ती काय ते समजायची आणि सुईदोरा घेऊन वाळूत बसायची. "मेल्यांका आमचाच जाळा गावता," असं पुटपुटत संध्याकाळपर्यंत भोकं सांधायची.

गेल्या पावसाळ्यात तापाने हिराचा जीव घेतला. जाळी सांधायला कोणी उरलं नाही, तेव्हा काशीरामने ती माळ्यावर टाकली, होडीत बाकडी बसवली आणि पर्यटकांना तेच चोर दाखवायला लागला.

त्या सकाळी समुद्रावर गारठा होता. पाण्यातून काळी पाठ वर आली आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "हिरा, इले गो."

पुढच्या बाकड्यावरच्या पुण्याच्या बाई वळल्या. "अगंबाई, नाव ठेवलंय होय तुम्ही तिला? हिरा?"

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. तरी त्याने होय म्हणून मान हलवली.

मग सगळी होडीच हिराला हाका मारू लागली. घरात ते नाव आता कोणी घेत नसे. काशीरामने इंजिन बंद केलं आणि ऐकत राहिला.

पाठ एकदा चमकली आणि बुडाली. बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाल्या, "हिरा गेली हो."

हे शब्द त्याने स्वतः अजून एकदाही उच्चारले नव्हते.

"होय," तो म्हणाला. "गेली."