गुळाचा साचा

आबांच्या गाडीची नळी तडकली तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

आबा म्हणजे माझे वडील. फौजेत ड्रायव्हर होते, बर्फातनं ट्रक हाकलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी गाडी घेतली आणि इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात तिला इतकं जपलं, की आम्हा भावंडांचे लाड तिच्या निम्मेही झाले नसतील. तिच्यातली हातभर लांबीची, दोन ठिकाणी वाकलेली प्लास्टिकची नळी उभी चिरली. बाहेरची हवा फिल्टरपर्यंत नेणारी ती नळी. तिच्याशिवायही गाडी चालली असती, पण फिल्टर धुळीनं तुंबेल म्हणून आबांनी त्याच दिवशी गाडी उभी केली. मेस्त्री म्हणाला, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, भाग मिळायचा नाही, भंगारात घाला. आबांनी त्याच्याकडे असं काही बघितलं म्हणे, की त्यानं मुकाट्यानं चहा मागवला.

मी कुपवाडला फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या शेडमध्ये काम करतो. त्यामुळे नळी माझ्या गळ्यात पडली.

मला बरं वाटलं त्याचं कारण गेल्या दिवाळीतलं. गावाबाहेरच्या वळणावर डावीकडून आलेली उसाची ट्रॉली आबांना दिसलीच नाही. शेजारी आई होती. गाडी ओढ्याच्या कठड्याला घासून थांबली म्हणून निभावलं. दारावरचा ओरखडा आबांनी स्वतः रंगवला आणि आईला बजावलं, पोराला सांगू नको. आईनं दुसऱ्याच दिवशी मला फोन केला. तेव्हापासून गावाहून अवेळी फोन आला की उचलायच्या आधी मला तो कठडाच दिसायचा. पण गाडी चालवू नका, हे त्यांना सांगायचं कुणी? क्लच कसा सोडायचा ते मला त्यांनीच शिकवलेलं. तोंड उघडायची हिंमत माझ्यात नव्हती. नळीनं परस्पर काम केलं, असं मला वाटलं.

फायबरची पोकळ नळी करायची तर आत भरीव साचा लागतो. त्यावर काचेच्या धाग्यांची चटई रेझिननं चिकटवत जायचं, वाळलं की साचा काढायचा. सरळ नळी असती तर प्रश्न नव्हता. दोन वळणांतून साचा निघणार कसा? थर्माकोल रेझिनमध्येच विरघळतो. आबांना हे मी जरा जास्तच रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग गुळाचा साचा कर. नळी झाली की गरम पाणी ओत, गूळ विरघळून जाईल.

मी हसलो, पण बिनतोड होतं. आमचं एके काळी गुऱ्हाळ होतं. पाक कधी उतरवायचा हे आबांना वासावरून कळतं. त्यांनी फुटकी नळी बाहेरून पट्ट्यांनी बांधली, आतून तेल लावलं, गूळ आटवून कोमट झाल्यावर ओतला. दुसऱ्या दिवशी वरची नळी सोलून काढली, तर आत वळणासकट हुबेहूब साचा.

तो मी कुपवाडला नेला आणि शेडमध्ये उघडा ठेवला. श्रावण चालू होता. दोन दिवसांत गुळाला पाणी सुटलं, साचा घामाघूम झाला. त्याच ओल्या साच्यावर मी फायबर चढवलं. रेझिन चिकटच राहिलं, नळीचं तोंड वेडंवाकडं बसलं. ती घेऊन मी गावी गेलो आणि जमलं नाही म्हणून सांगितलं. आबांनी नळीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि नळी बाजूला ठेवली.

पुढच्या रविवारी त्यांनी दुसरा साचा दिला. पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, स्टीलच्या डब्यात तांदळात पुरलेला. दिवाळीला बहिणीकडे फराळ पाठवतात तसा. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो आणि कुपवाड येईपर्यंत मला स्वतःचा राग येत राहिला. म्हातारा माणूस एवढ्या निगुतीनं गूळ गुंडाळतो, आणि मी?

या वेळी मला बिघडवता आलं नाही. चटईच्या अरुंद पट्ट्या कापल्या, वळणावर एकेक बसवली, ब्रशनं हवा दाबून काढली. वाळल्यावर घासून गुळगुळीत केली. गावी अंगणात आबांनी गरम पाणी ओतलं. तपकिरी पाणी वाहिलं आणि मागोमाग मुंग्यांची जत्रा भरली. आरपार उजेड दिसेपर्यंत ते नळी धूत राहिले. मग ती बसवली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

बॉनेट लावता लावता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पयली तू मुद्दाम घालवलीस."

मी पान्हे गोळा करू लागलो.

"गुऱ्हाळावर वाढलेलं पोर. श्रावणात गूळ उघडा ठेवतंय व्हय?"

मग मात्र मी सगळं बोललो. ट्रॉली, कठडा, आईचा फोन. भीती वाटते, आबा, असंही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"तोंडानं सांगायचं हुतं," एवढंच म्हणाले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. मी शेजारी.

गावाबाहेर त्याच वळणापाशी त्यांनी गाडी थांबवली. रस्ता मोकळा असावा असं मला वाटलं, पण ते पुढं घेईनात. शेवटी म्हणाले, "डावीकडनं काय येतंय का बघ."

दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल येत होती. मी थांबा म्हणालो. ती अगदी पुढ्यात आल्यावर आबा दचकले. ती दिसेनाशी झाली तरी त्यांनी गिअर टाकला नाही. मग उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दारापाशी आले आणि म्हणाले, "सरक तिकडं. तू हाक."

मी स्टिअरिंगवर बसलो. हे व्हावं म्हणूनच तर मी पहिली नळी घालवली होती. आणि आता ते झालं, तर आबांच्या मापाची सीट मला सरकवावीशी वाटेना.

पुढं इस्लामपूरच्या रस्त्याला लागायचं वळण आलं. मी ब्रेक दाबला. आबा पुढं वाकले, माझ्यापलीकडं उजवीकडं लांबवर बघत राहिले.

"हिकडचं दिसतंय मला," ते म्हणाले. "मोकळं हाय. जाऊ दे."

माझंही बघून झालं होतं. पण ते म्हणेपर्यंत मी गाडी हलवली नाही.